गोषवारा आणि मूळ दप्तर

मुंबई-नाशिक महामार्गावरून मानकोली नाक्याशी आत वळले म्हणजे, जेथे एके काळी पावसाळ्यात भाताची लावणी चाले, तेथे आज पत्र्याच्या उंच छपरांची गोदामे एकास एक लागून उभी दिसतात. दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या भिवंडी तालुक्यातील गावांचे हे रूपांतर मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी माल ठेवण्याच्या सोयीतून सुरू झाले. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन प्रत्येक राज्यात निराळे कोठार ठेवण्याचे कारण फारसे उरले नाही, तेव्हा त्याला अधिकच वेग आला. या दापोड्यातील एका गोदामाची संगणकीय मालनोंदणी सांभाळणारी एक तरुण अभियंता आणि मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले तिचे काका यांच्यात झालेला वाद पुढे दिला आहे. वादाचे निमित्त क्षुल्लक होते. गोदामात नव्याने लागलेल्या मुलांच्या हाती स्कॅनर देताना पुतणीने त्यांस ‘आत काय होते याची काळजी तुम्ही करू नका, आवाज झाला की पुढची पेटी घ्या’ असे सांगितले, आणि काही कामानिमित्त तेथे आलेल्या काकांच्या कानांवर ते पडले. विषय मात्र क्षुल्लक नव्हता. कारण संगणकाची सारी रचना ज्या एका तत्त्वावर उभी आहे, त्या तत्त्वालाच काकांनी हरकत घेतली होती.

काका : तू त्या मुलांना जे सांगितलेस ते मला पटले नाही. ज्या मनुष्याच्या हातून दिवसभरात शेकडो पेट्यांची नोंद होते, त्याला ती नोंद कोठे जाते, कोणत्या स्वरूपात जाते आणि तेथे ती बिनचूक राहील याची हमी कोण देतो, यांपैकी एकही गोष्ट ठाऊक असू नये, किंबहुना ठाऊक नसणे हीच त्याची लायकी ठरावी, हा न्याय मला अजब वाटतो. आमच्या कचेरीत ज्याला मूळ दप्तर उघडून दाखला काढता येत नसे, त्याला आम्ही कारकून म्हणत नसू.

पुतणी : काका, त्या मुलांपुरतेच कशाला, माझेही तसेच आहे. मी प्रोग्रॅम लिहिते तेव्हा डेटाबेसच्या पोटात काय चालते ते मला पाहावे लागत नाही. डेटाबेस लिहिणाऱ्याला कार्यप्रणालीच्या अंतरंगात शिरावे लागत नाही. कार्यप्रणाली लिहिणाऱ्याला प्रक्रियकातील तारा मोजाव्या लागत नाहीत. आणि प्रक्रियकाचा आराखडा काढणारा सिलिकॉनच्या स्फटिकाचे रसायन दुसऱ्यावर सोपवतो. प्रत्येकाने आपल्या खालच्या थराकडून काय मिळेल एवढेच जाणावे आणि वरच्या थराला काय द्यायचे तेवढे चोख द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. हिला तुम्ही अज्ञान म्हणा. आम्ही तिला अमूर्तीकरण म्हणतो, आणि तिच्यावाचून संगणकशास्त्र एक पाऊलही पुढे गेले नसते.

काका : मोठ्या शब्दाने माझे समाधान होणार नाही. एक पेटी घे, तिच्यावरची ती काळी पट्टी घे, आणि तिचा प्रवास मला तळापर्यंत सांग. तळ लागला म्हणजे थांब.

पुतणी : ठीक आहे. पेटीवर उभ्या रेघांखाली १३ अंक असतात. भारतात नोंदलेल्या कंपन्यांच्या मालावर ते बहुधा ८९० ने सुरू होतात. पहिले १२ अंक मालाची ओळख सांगतात आणि तेरावा अंक त्यांच्यावर पहारा करतो. समजा, पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. त्यांतील विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज २८. सम स्थानांवरच्या अंकांची ३४, आणि तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. दहाच्या पटीला पोहोचण्यास काही कमी पडत नाही, म्हणून तेरावा अंक शून्य. कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला की ही बेरीज दहाच्या पटीत बसत नाही, आणि स्कॅनर गप्प राहतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील दुकानात २६ जून १९७४ रोजी च्युइंगमचे पाकीट अशा पट्टीवरून प्रथम विकले गेले. त्या पट्टीवर अंक १२ होते, पण त्यांतही शेवटचा अंक पहाऱ्याचाच होता.

काका : म्हणजे त्या आवाजाच्या मागे रुजवात आहे तर! आणि ही गोष्ट तू त्या मुलांपासून दडवून ठेवलीस.

पुतणी : दडवली नाही, सांगून पेटी अधिक लवकर उचलली गेली नसती, म्हणून सांगितली नाही. पुढे ऐका. हे अंक माझ्या प्रोग्रॅमकडे येतात. माझा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे ती प्रक्रियकाला कळत नाही. दुसरा एक प्रोग्रॅम, ज्याला आम्ही कंपायलर म्हणतो, तो तिचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करून ठेवतो. या आज्ञा अत्यंत साध्या असतात: स्मृतीच्या अमुक घरातील संख्या उचल, तिच्यात अमुक मिळव, उत्तर तमुक घरात ठेव, आणि उत्तर शून्य आले तर अमक्या आज्ञेकडे उडी घे. प्रक्रियकाचा नियंत्रण विभाग एकेक आज्ञा स्मृतीतून आणतो, उलगडतो, पार पाडतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. बेरीज-वजाबाकी अंकगणित विभागात होते, हाताशी लागणाऱ्या संख्या रजिस्टर नावाच्या मोजक्या जागांत राहतात, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे स्कॅनर, पडदा, छापयंत्र यांचा, ताबा कार्यप्रणालीकडे असतो. प्रत्येक आज्ञा बिटांची, म्हणजे शून्य आणि एक यांची, एक माळ असते. आणि ती माळ पार पाडणारी मंडले तर्कद्वारांची बनलेली असतात.

काका : तर्कद्वार म्हणजे काय, तेही सांग. तळ अजून लागलेला नाही.

पुतणी : दोन तारा आत, एक तार बाहेर. आतल्या दोन्ही तारांवर ‘एक’ असेल तरच बाहेर ‘शून्य’ द्यायचे, एरवी ‘एक’ द्यायचे, असा नियम पाळणाऱ्या द्वाराला नँड म्हणतात. आज ते बहुधा चार ट्रान्झिस्टरांचे असते, आणि एवढे एकच द्वार पुरेशा संख्येने जोडले तर जगातील कोणतेही तार्किक विधान, कोणतीही बेरीज, कोणताही संपूर्ण प्रक्रियक उभा करता येतो. जॉर्ज बूल याने तर्काचे बीजगणित १८५४ साली पुस्तकरूपाने मांडले, तेव्हा विजेच्या मंडलांशी त्याचा संबंध कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तो संबंध १९३७ साली क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिला. ट्रान्झिस्टर १९४७ चा. १९७१ साली इंटेलने बाजारात आणलेल्या ४००४ या प्रक्रियकात ते सुमारे २३०० होते. आज बोटाच्या पेरावर मावणाऱ्या तुकड्यात ते अब्जांनी मोजले जातात. त्याखाली सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन. हा तुमचा तळ.

काका : आहे आणि नाही, एवढ्यावर सारी इमारत उभी करण्याची युक्ती भिवंडीला नवी नाही. जॅकार्डचा माग मी पाहिला आहे. भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ वर फिरत असते, जेथे भोक तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथे तो खालीच राहतो, आणि त्यातून नक्षी उमटते.

पुतणी : ती युक्ती संगणकाच्या वंशावळीतलीच आहे. जोसेफ मारी जॅकार्ड याने फ्रान्समधील ल्यों येथे १८०४ च्या सुमारास तो माग सिद्ध केला, आणि पुढे १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेज याने आपल्या विश्लेषक यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याच पत्त्यांची योजना आखली. पण मागाचे पत्ते मागाबाहेर राहतात. माग त्यांना बदलू शकत नाही. संगणकाचे वैशिष्ट्य असे की, ज्या स्मृतीत मालाची नोंद असते त्याच स्मृतीत आज्ञाही असतात. जॉन फॉन नॉयमन याच्या नावे १९४५ च्या जूनमध्ये निघालेल्या एडव्हॅक यंत्रावरील अहवालात ही मांडणी स्पष्टपणे आली, आणि अजूनही बहुतेक यंत्रे तिच्याच मुशीतली आहेत.

काका : हुकूम आणि हिशेब एकाच दप्तरात? आमच्याकडे हे कोणी मंजूर केले नसते. उद्या एखाद्याने हिशेबाच्या कागदात हुकूम लिहून ठेवला तर?

पुतणी : तसे घडते, आणि संगणकावरील कित्येक हल्ले नेमके याच वाटेने होतात, म्हणून स्मृतीचा कोणता भाग केवळ नोंदींचा आहे हे आता प्रक्रियकालाच बजावून ठेवतात. पण लाभ पाहा: आज्ञा ही नोंदीसारखीच असल्यामुळे एक प्रोग्रॅम दुसरा प्रोग्रॅम घडवू शकतो, आणि कंपायलर संभवतो. तुमच्या शिरस्त्याने गेलो असतो तर थरांवर थर चढलेच नसते.

काका : थर चढले नसते तर बिघडले काय असते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी घडविलेला संगणक १९६० साली चालू झाला, १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नाव ठेवले, हे तूच मला सांगितले होतेस. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ज्या मंडळींनी तो उभा केला, त्यांना निर्वात नलिकेपासून प्रोग्रॅमपर्यंत सारे ठाऊक होते ना? त्यांतल्या कोणी ‘हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही’ असे म्हटले असते का?

पुतणी : म्हटले नसते, हे खरे. टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचा, स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, आणि त्यावर गणित करू पाहणाऱ्याला यंत्राच्याच भाषेत, आज्ञेमागून आज्ञा, लिहावे लागे. पण त्या ज्ञानाची किंमतही पाहा. भौतिकशास्त्रज्ञाला एक समीकरण सोडवायचे असेल तर त्याने आधी यंत्र शिकायचे! १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्यावर फॉरट्रान भाषेत लिहिता येई, आणि जे टिफ्रॅकच्या वाटेला गेले नसते असे लोक आपापली गणिते घेऊन येऊ लागले. १९६५ मध्ये टिफ्रॅक निवृत्त झाला. माणसे कमी जाणती झाली म्हणून हे घडले नाही. यंत्र जाणण्याची सक्ती उठली म्हणून घडले.

काका : सक्ती उठणे आणि सवय सुटणे यांत फार अंतर नसते. पण मला आणखी एक दाखला दे, ज्यात थरामुळे केवळ सोय नव्हे, तर एरवी अशक्य असे काही साधले.

पुतणी : दाखला त्याच वर्षाचा आहे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तोवर नवे यंत्र घेतले की जुने सारे प्रोग्रॅम रद्दीत टाकून पुन्हा लिहावे लागत. जीन अम्डाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेडरिक ब्रुक्स यांनी असे ठरविले की, आज्ञासंच हा एक करार मानायचा आणि मालिकेतल्या लहानमोठ्या सर्व यंत्रांनी तो एकसारखा पाळायचा; तो आत कसा पाळायचा हे ज्याचे त्याने पाहावे. त्या मालिकेतील मॉडेल ३० हे लहान यंत्र आतून एका वेळी केवळ ८ बिट हाताळी. करारात ३२ बिटांच्या बेरजेची आज्ञा असे, ती ते आठ-आठ बिटांच्या चार हप्त्यांत पुरी करी. मोठे यंत्र तीच बेरीज एका दमात करी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला उत्तर दोन्हीकडे तेच. बाहेरून दिसणारा करार म्हणजे संगणकाचे स्थापत्य, आणि तो पार पाडण्याची आतली तजवीज म्हणजे संगणकाचे संघटन; हा भेद ज्याला उमगला त्याला आमच्या विषयाचे अर्धे पुस्तक उमगले. आज मी एक प्रोग्रॅम लिहिते, दहा वर्षांनी यंत्र आतून सर्वस्वी बदलते, आणि माझा प्रोग्रॅम तसाच चालतो. काका, हे अज्ञान नाही. हा विश्वास आहे, आणि तो लेखी आहे.

काका : लेखी विश्वासाविषयी मला थोडेफार कळते, तेव्हा आता माझ्या खात्याचे ऐक. शेताचा अस्सल पुरावा शेतातच असतो: बांध, दगड आणि कसणारा माणूस. त्याच्यावर मोजणीदाराचा नकाशा. त्याच्यावर तलाठ्याचा गाव नमुना सात आणि बारा. त्यावरून खातेदारांचा आठ-अ. त्या साऱ्यांवरून तालुक्याचा गोषवारा, आणि तो जिल्ह्याकडे. दापोड्याच्या कोणत्या गटात बांध वाकडा आहे हे कलेक्टरसाहेबांना ठाऊक नसते, आणि असण्याची गरजही नसते. एथवर तुझे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. पण कायद्याने या नोंदीला वजन किती दिले आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७: अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणून फेरफाराची नोटीस निघते, हरकत घेता येते, मंडल अधिकारी तपासून प्रमाणित करतो, आणि जमाबंदीच्या वेळी गावचे हिशेब तालुक्याच्या हिशेबाशी ताडून पाहिले जातात. वरच्याने खालच्यावर विसंबावे, पण खाली उतरण्याचा जिना काढून टाकू नये, असा त्याचा अर्थ. तुमच्या थरांत हे ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ कोठे आहे?

पुतणी : प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. काही ठिकाणी ते आहे: तो तेरावा अंक तसाच आहे, आणि महत्त्वाच्या यंत्रांच्या स्मृतीत प्रत्येक शब्दाबरोबर जादा बिट ठेवलेले असतात, ज्यांच्या आधारे एखादा बिट उलटला तर तो ओळखून दुरुस्त करता येतो. पण काही ठिकाणी ते नाही. कारण करारात काय दिले आहे ते लिहिलेले असते, काय वगळले आहे ते लिहिलेले नसते. आपल्याच पत्त्याचे उदाहरण घ्या. समजा, पेटीवर छापायच्या ठिकाणाच्या नावासाठी एका प्रोग्रॅमने २० जागा राखून ठेवल्या आहेत. ‘दापोडे, भिवंडी’ यात काना-मात्रा, अनुस्वार, स्वल्पविराम आणि मधली मोकळी जागा धरून १४ चिन्हे होतात; म्हणजे ते सहज मावायला हवे. परंतु त्या जागा चिन्हांच्या नसून बाइटांच्या आहेत, आणि यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘द’ या अक्षराचा क्रमांक दशमानात २३४२, आणि स्मृतीत तो १११००००० १०१००१०० १०१००११० असा पडतो. ‘दापोडे’ या सहा चिन्हांचे १८ बाइट झाले, स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांचे २, मिळून २० भरले, आणि ‘भिवंडी’ सबंध गळाली. ती पेटी पुण्याजवळच्या दापोडीकडे वळण्यास फारसे निमित्त लागणार नाही.

काका : आणि त्या वेळी ‘खालच्या थराशी मला कर्तव्य नाही’ म्हणणारा प्रोग्रॅमर छापयंत्राला दोष देत बसेल.

पुतणी : बसेल खरा. याहून भयंकर उदाहरणही आहे. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दाहरान येथे पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडविता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने मोजत असे; दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा लिहून संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही, आणि २४ बिटांत तो कापून बसविला होता. कापलेला अंश नगण्य. पण यंत्रणा सलग १०० तासांहून अधिक चालू राहिली आणि चूक साठत साठत सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशावर गेली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. प्रत्येक थराने आपापल्या समजुतीप्रमाणे काम चोख केले होते. हे शिकल्यापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये रकमा मी रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाही, पैशांच्या पूर्णांकात ठेवते.

काका : म्हणजे तू स्वतः खाली उतरून पाहिले आहेस! आणि वर वाद घालतेस की उतरण्याची गरज नाही.

पुतणी : एक पायरी उतरले, तळापर्यंत गेले नाही. आणि कोणत्या पायऱ्या उतरायच्या हे ओळखण्याची खूण मला सापडली आहे: करार ज्याविषयी मौन बाळगतो तेथे उतरावे. सर्वांत मोठे मौन वेळेविषयी आहे. आज्ञासंच सांगतो, ‘स्मृतीतून संख्या आणली जाईल’. किती वेळात, हे तो सांगत नाही. आजचा प्रक्रियक सेकंदाला सुमारे ३ अब्ज चक्रे करतो. त्याचे एक चक्र आपण एक सेकंद मानले तर रजिस्टरमधील संख्या त्याच सेकंदात मिळते, जवळच्या कॅश स्मृतीतली चार-पाच सेकंदांत, मुख्य स्मृतीतली पाचएक मिनिटांनी, आणि फिरत्या तबकडीवरची मिळण्यास वर्षाला थोडाच काळ कमी लागतो. वरून पाहिले तर सगळीकडे आज्ञा एकच, ‘आण’. एखादा मोठा तक्ता ओळीओळीने वाचला आणि तोच रकान्यारकान्याने वाचला तर बेरीज तीच येते. पण स्मृतीत ओळी सलग ठेवलेल्या असल्या तर दुसऱ्या रीतीला कित्येक पट वेळ लागतो, कारण प्रत्येक वेळी नव्या ठिकाणाहून मागवावे लागते. दिवाळीच्या आधी माल तुंबतो तेव्हा गोदामातला पडदा गोठल्यासारखा होतो, त्याचे कारण पुष्कळदा याच मौनात सापडते.

काका : वेळेने केवळ खोळंबा होतो, की घातही होतो?

पुतणी : घातही होतो. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी दोन उणिवा जाहीर झाल्या. वेळ वाचावा म्हणून प्रक्रियक पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेले पुसून टाकतो. उत्तर पुसले जाते, पण त्या खटाटोपात कॅशमध्ये जे आणले गेले ते तेथेच राहते, आणि कोणती संख्या लवकर मिळते व कोणती उशिरा, एवढे मोजून दुसऱ्याचे गुपित काढता येते. आज्ञासंचाचा करार अक्षरशः पाळला गेला होता. एकाही उत्तरात चूक नव्हती. कित्येक वर्षे जगभरच्या यंत्रांत हे छिद्र राहिले आणि कोणाला दिसले नाही, कारण स्थापत्य पाहणारे वेळ मोजत नव्हते आणि वेळ मोजणारे गुपितांचा विचार करीत नव्हते.

काका : मग ही छिद्रे सापडतात तरी कशी?

पुतणी : दोन थरांच्या भाषा ज्याला येतात त्याला ती सापडतात. बेल्जियममध्ये २००३ च्या मे महिन्यात मतदान झाले. स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत जादा मते ४०९६ निघाली. सामान्य माणसाला ही संख्या कोणत्याही संख्येसारखी. पण द्विमान जाणणाऱ्याला तत्काळ दिसते की, ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात स्मृतीतील एकच बिट शून्याचा एक झाला आहे. बहुधा अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटविला असावा, असे अनुमान काढण्यात आले. आणि तेथेही पहिला संशय कोणाला आला, तर शक्य मतांची बेरीज ताडून पाहणाऱ्याला.

काका : हे माझ्या जमाबंदीच्या बाजूने झाले! खाडाखोड करणारा तलाठी हस्ताक्षरावरून सापडतो, तसा तुझा थरही चुकीच्या आकड्यावरून सापडतो. मग आता तरी कबूल कर की अमूर्तीकरण हे कर्ज आहे. आज वेळ वाचतो, पण कोणाला तरी, कधी तरी, खाली जाऊन ते फेडावे लागते.

पुतणी : कर्ज मी म्हणणार नाही. ज्याने रोज तळापर्यंत जायचे ठरविले त्याच्या हातून एक पेटीसुद्धा हलणार नाही. दापोड्याची ही गोदामे, त्यांतले हमाल, ट्रकवाले, मागणी नोंदविणारे गिऱ्हाईक, यांतल्या प्रत्येकाने ट्रान्झिस्टर समजून घ्यायचा म्हटले तर सारा व्यवहार टिफ्रॅकच्या काळात परत जाईल. सुव्यवस्थित अज्ञान ही भांडवलासारखी गोष्ट आहे, काका. मात्र एवढे मी मानते: वापरणाऱ्याने अज्ञानी राहण्याला हरकत नाही, जो हमी देतो, सही-शिक्का करतो, त्याला ते स्वातंत्र्य नाही. त्याला आपला थर पुरता, खालचा थर बऱ्यापैकी, आणि त्याखाली उतरायचे झाल्यास कोणाला विचारायचे, एवढे ठाऊक असलेच पाहिजे.

काका : तेवढ्यावर मी तडजोड करीन, पण त्या मुलांच्या बाबतीत करणार नाही. आवाज झाला की नोंद झाली, हे त्यांना सांग; पण आवाज का झाला, तेही सांग. तेरा अंकांची बेरीज करायला त्यांना संगणकशास्त्र लागत नाही, चौथीचे गणित पुरते. ज्या दिवशी फाटक्या पट्टीमुळे स्कॅनर गप्प बसेल आणि अंक हाताने भरावे लागतील, त्या दिवशी ती बेरीज त्यांच्या कामी येईल, आणि ‘आम्ही फक्त दाबतो’ ही समजूतही जरा सैल होईल.

पुतणी : हाताने भरतानाही प्रोग्रॅम तेरावा अंक तपासतोच. तरी तुमच्या शब्दाखातर सोमवारच्या तुकडीला पहिला अर्धा तास ही बेरीज देते. पण मग माझाही एक सवाल. तुम्ही इतकी वर्षे अव्वल कारकून होतात. मोजणीची साखळी कधी हातात धरून शेतात गेलात का?

काका : एकदाही नाही. ते मोजणीदाराचे काम, आणि माझ्यापेक्षा तो ते चांगले करी. पण साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आणि वर्षानुवर्षे वापरून कड्या झिजल्या म्हणजे साखळी लांबते व शेत कागदावर लहान दिसते, हे मला ठाऊक होते. म्हणून मोजणीचा कागद माझ्यापुढे आला की साखळी केव्हा तपासली होती, एवढे मी विचारीत असे, आणि मी विचारणार हे माहीत असल्यामुळे ती तपासूनच आणीत. त्या मुलांनाही मी साखळी ओढायला सांगत नाही; तो एक प्रश्न विचारायला शिकव, एवढेच माझे म्हणणे आहे.